फ्रेंच प्रश्नाच्या तीन वाटा

फ्रेंच शिकायला बसलेला मराठी विद्यार्थी पहिल्यांदा गोंधळतो तो इथे: 'येतोस का?' एवढंच विचारायला या भाषेत तीन वाटा आहेत. सरळ वाक्याचा सूर शेवटी चढवून 'त्यू व्यँ?' म्हणायचं; आधी 'एस्क' लावून 'एस्क त्यू व्यँ?' म्हणायचं, नाहीतर क्रियापद पुढे ओढून 'व्यँ-त्यू?' असं उलटायचं. यातला उलटा प्रश्न तेवढा शुद्ध आणि सभ्य, बाकीचे दोन चालवून घेतलेले, असा समज बराच पक्का आहे. तो तपासायला हवा.

मुळात ही उलटापालट सगळीकडे चालतच नाही. 'मी खोटं बोलतोय का?' हे उलटून विचारलं तर 'माँझ' असा उच्चार होतो, आणि 'खा' या आज्ञेचा उच्चारही नेमका तोच! म्हणून काटेकोर व्याकरणंही अशा ठिकाणी 'एस्क'कडेच बोट दाखवतात. गंमत अशी, की 'एस्क' हासुद्धा पूर्वी कधीतरी उलटून गोठलेला तुकडा. तो सुरुवातीला लावला की पुढचं वाक्य सरळ ठेवता येतं. कॅनडातल्या क्वेबेकचे लोक आणखी पुढे गेले. 'त्याच्याकडे आहे का?' या अर्थाच्या 'आ-तिल' सारख्या रूपांतून बोलीत 'ती' सुटा झाला, त्याचा तिकडे 'त्यू' झाला. 'से-त्यू ल्वँ?' म्हणजे 'लांब आहे का?' हा 'त्यू' म्हणजे 'तू' नव्हे. आपल्या 'का'चंच काम तो करतो. कर्ता-क्रियापदाचा क्रम न मोडता प्रश्नाची खूण वेगळी लावायची, हा ओढा भाषेच्या आतलाच आहे. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं.

मग सभ्यतेचं काय, असं कुणी विचारेल. बेकरीतली विक्रेती गिऱ्हाइकाला 'वू देझिरे?', म्हणजे 'काय हवंय?', म्हणते. काहीही उलटलेलं नसतं, तरी कुणाला ते उद्धट वाटत नाही, कारण आदर 'वू' या आदरार्थी सर्वनामात आणि आधी म्हटलेल्या 'बोंझूर'मध्ये आहे. 'बोंझूर' गाळून कितीही घोटीव उलटा प्रश्न टाकला, तरी समोरचा चेहरा थंडच राहतो. उलट्या प्रश्नाची जागा आहे, पण ती मुख्यतः लेखी आणि औपचारिक भाषेत. बाकालोरेआ या फ्रान्सच्या शालान्त परीक्षेतल्या तत्त्वज्ञानाच्या चार तासांच्या पेपरात निबंधाचे विषय बहुतेक अशाच घाटाचे असतात. तेव्हा तो वाचता-लिहिता यायलाच हवा. पण तोंडी परीक्षेत 'त्यू व्यँ?' म्हणणाऱ्या मुलाचे गुण शिक्षकांनी कापू नयेत.