जोडीचं चाक

हातोडीचा टोला बसला की मावशी क्षणभर थांबतात आणि मगच तुकडा फेकतात. खणखणीत वाजला तर डावीकडे, बद्द वाजला तर उजवीकडे. डावीकडे पोलाद, उजवीकडे बीड. पिंपळफाट्याच्या बाजूला असलेल्या या भंगाराच्या दुकानात मी गेलो होतो एका गुरुजींच्या मागोमाग. पण नजर या बाईंवरून हलेना.

गुरुजी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी घरी बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनाची प्रतिकृती केलीय असं कळलं, म्हणून मी रेणापूर गाठलं. ज्या गावात रेल्वेचा रूळच नाही तिथे कुणी वाफेचं इंजिन घडवत बसावं, याचंच मला नवल. इंजिन तीन फुटांचं, बहुतेक भरीव लोखंड, वजन साठ किलो. टेबलाची फळी वाकली तेव्हापासून ते पोत्यावर, जमिनीवर बसलंय. फर्निचरवाल्याने प्लायवूडचा सुबक स्टँड सुचवला होता. गुरुजींनी हात जोडले. "त्र्याण्णवच्या भूकंपात फळीवरचं काय काय खाली आलं ते बघितलंय मी. वजन सगळं बुडाशी पाहिजे."

बुडाशी वजन म्हणजे काय, तर जुन्या डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील. एक नाही, दोन. त्यांत दोन शाफ्ट उभे करायचे आणि शाफ्टवर लोखंडी प्लेट. दोनच का, याचं उत्तर गुरुजींनी बार्शी लाइटमधूनच काढलं. अडीच फुटी गेजची ही गाडी 1897 मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली. ती आखणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप एका गोष्टीवर अडून होता: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, आणि हलका रूळ म्हणजे कमी खर्च. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट काढलं. वजन खाली कसं आणायचं, हाच त्याचा आयुष्यभराचा धंदा म्हणायचा.) "पाच टनांचं मला काय करायचंय," गुरुजी म्हणाले, "पण वाटणी सारखी पाहिजे."

स्लो-स्पीड इंजिनाला दोन्ही बाजूंना एकेक फ्लायव्हील असतं. एके काळी विहिरीवर, गिरणीत अशी इंजिनं धडधडायची. मग वीज आली, विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, पाण्यातल्या मोटारी आल्या. इंजिनं आधी गोठ्यात आणि मग इथे. दुकानात एक चाक तर लगेच सापडलं. त्याची जोडी मिळेना.

"कामून जोडीच पायजे?" मावशींनी विचारलं. "वजन तेवढंच असलं की झालं की."

गुरुजींनी मान हलवून नकार दिला. मावशी उठल्या, ढिगाच्या मागे गेल्या, आणि आतून टोले ऐकू येऊ लागले. बद्द, बद्द, खणखणीत, बद्द. चाक निघालं ते ट्रॉलीच्या मोडक्या फाळक्याखाली. आरे धड होते. मावशींनी पदराने कडेवरची माती पुसली तर खालून लेथवर फिरवलेला गुळगुळीत काठ दिसला. कधी काळी कुणा कारागिराने हे चाक मापात आणलं होतं. मालकाने दोन्ही चाकं काट्यावर ठेवली आणि बिडाच्या भावाने पैसे सांगितले. लेथकामाचा एक रुपयाही त्यात नव्हता. भंगारात कौशल्याला वजन नसतं, हे मला माहीत होतं. तरी काट्याकडे बघताना राग आलाच.

वेल्डिंगच्या दुकानातल्या मिस्त्रींकडे काटा नव्हता, आकडा होता. "एकशे बासष्ट." गजाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा; एका मीटरचे किलो येतात. पन्नासचा शाफ्ट? पंचवीसशे भागिले एकशे बासष्ट, साडेपंधराला थोडं कमी. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो, त्यातून हा भाजक निघतो, हे गुरुजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. मिस्त्रींना त्याची गरज नव्हती. स्लॅबची सळई, गेटचा गज, आमचा शाफ्ट, सगळ्याला एकशे बासष्ट. आठ मिलिमीटरची तीन फूट बाय एक फूट प्लेटही त्यांनी अशीच तोंडी तोलली: साडेसतरा किलो.

शाफ्ट चाकाला वेल्ड करून टाका, असं मीच सुचवून बसलो. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चाकाच्या आऱ्याला ग्राइंडर लावला: आखूड, लालसर ठिणग्या. मग शाफ्टला लावला: लांब, पिवळ्या, लख्ख. बिडात कार्बन भरपूर. साध्या रॉडने वेल्ड केलं तर निवताना टाक्याशेजारी चीर जाते. निकेलचा रॉड चालतो, पण तो महाग. त्यापेक्षा चाकाच्या भोकात मुळात चावीची खाच आहेच. शाफ्ट लेथवर भोकाच्या मापाला उतरवायचा, तशीच खाच पाडायची आणि चावी ठोकायची. इंजिनावर चाक बसायचं तसंच ते आता बसणार, फक्त आडवं. लेथचं काम लातूरला एमआयडीसीत झालं. प्लेट कापणं, फ्लॅन्ज, टाके, रेड ऑक्साइड हे सगळं एका दुपारचं.

हिशेब झाला तेव्हा मी मुद्दाम पाहत होतो. मालकाला किलोने पैसे, मिस्त्रींना कामाचे, लेथवाल्याला तासाचे. मावशींना त्यांची रोजची हजेरी. ढिगाखालून जोडी हुडकून देण्याचा रकाना कुठल्याच पावतीत नव्हता. गुरुजींनी त्यांच्या हातावर वेगळी नोट ठेवली. मावशींनी ती घेतली, पण जरा अवघडूनच.

स्टँड उभा राहिल्याचं सांगायला आम्ही दुकानात गेलो, तर मावशींनी पोत्याखालून एक पुली काढली. मळणी यंत्राची, बिडाची. गुरुजी आता मालडबा करणार आहेत हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"डब्याला हे पुरंल का?" त्यांनी विचारलं. "हिची जोडबी हाय. पर भाव मालकाला इचारा."