मृग लागण्याआधी घर आवरू या

१ मेला आपला निकाल लागतो आणि सुट्टी सुरू होते. सुट्टीत आपण करवंदे, जांभळे खातो, मामाकडे जातो. पण याच दिवसांत मोठ्या माणसांची आगोटीची घाई असते. आगोट म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आणि तिच्यासाठी करायची तयारीही आगोटच. मसाला कुटून आणायचा, सुके बोंबील आणि जवळा भरून ठेवायचा, शेणी आणि लाकडे आत घ्यायची, कौले चाळायची, पडवीला ताडपत्री बांधायची. ही कामे मोठ्यांची आहेत. पण एक काम आपणही करू शकतो. ते म्हणजे घरातला पसारा काढणे. त्याची माहिती मी येथे देत आहे.

कधी सुरू करावे?

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. मुंबईत पाऊस साधारणपणे ११ जूनला येतो. पण २०२५ साली तो २६ मेलाच आला! तेव्हा आमच्या आळीत पुष्कळांची लाकडे अंगणातच भिजली. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी. मात्र सगळे घर एका दिवसात काढू नये. तसे केले की रात्री जेवायला बसायला जागा उरत नाही आणि आई रागावते. रोज एकच कोपरा धरावा. एक कोपरा एका तासात होतो.

पहिला दिवस : कागदपत्रे

तुम्ही म्हणाल, कागद काय एवढेसे, ते पहिले कशाला? त्याचे कारण सांगते.

आपला तालुका कल्याण. येथे उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूरकडून पाणी घेऊन येते. बारवी नदीही तिलाच मिळते आणि काळू नदीही. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की आपल्याकडे पूर येतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे किती? आपल्या वर्गातली मीटरपट्टी उभी धरा. पडलेले पाणी तसेच साचून राहिले असते तर पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटर वर दिसली असती. त्या दिवशी आपल्या भागातही नद्यांना मोठा पूर आला.

माझे बाबा त्याच वर्षी दहावी पास झाले होते. गुणपत्रिका ट्रंकेत होती. पण ट्रंकेत तिच्यावर जुन्या साड्या, फाटक्या चादरी, तुटका रेडिओ असे काय काय भरलेले. पाणी घरात शिरले तेव्हा वीज गेली होती. आजोबांनी आधी म्हातारी पणजी आणि शेळ्या बाहेर काढल्या. ट्रंक उपसायला वेळच मिळाला नाही. दोन दिवसांनी उघडली तर गुणपत्रिकेचा लगदा झाला होता. दुसरी प्रत मिळेपर्यंत बाबांचा त्या वर्षीचा आयटीआयचा प्रवेश हुकला. एक वर्ष ते वीटभट्टीवर गेले. मग पुढच्या वर्षी वायरमनचे शिक्षण घेतले. बाबा म्हणतात, "पाण्यानं नाही नेली गं ती, पसाऱ्यानं नेली."

म्हणून रेशनकार्ड, सातबारा, आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेचे दाखले, बँकेचे पुस्तक हे सर्व एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावे. पिशवीचे तोंड दुमडून घट्ट बांधावे. ती पिशवी दाराजवळ उंच खुंटीला अडकवावी आणि घरातल्या प्रत्येकाला ती जागा दाखवून ठेवावी. आमच्या घरात माझ्या लहान भावालासुद्धा माहीत आहे. तो पहिलीत आहे.

दुसरा दिवस : लाकडे आणि पडवीचा कोपरा

पाऊस पडला की बिळांत पाणी जाते. उंदीर कोरडी जागा आणि धान्य शोधत घरात येतात. उंदरांच्या मागे साप येतो. लाकडांचा ढीग, विटा, गोणपाट ही त्यांची लपायची जागा. मण्यार रात्री फिरतो. तो काळा असून अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात. तो चावला तर फारसे दुखतही नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला कळत नाही. पण त्याचे विष फार जहाल असते.

म्हणून लाकडे भिंतीपासून थोडी दूर आणि फळीवर उंच रचावीत. हे काम दिवसा आणि मोठ्या माणसाबरोबर करावे. आधी काठीने ढीग हलवावा, मगच हात घालावा. कोणाला साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेल्या जागी कापू नये, आवळून बांधू नये. माणसाला चालायला न लावता सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. तेथे सापाच्या विषावरचे इंजेक्शन देतात.

तिसरा दिवस : अंगण आणि परसू

येथे फुटके माठ, करवंट्या, रंगाचे डबे, जुने टायर सापडतात. ते सर्व गोळा करावे. डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्या दिवशी पिंप, माठ सर्व रिकामे करायचे. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून काथ्याने घासायलाच हवे.

माझा मामा डोंबिवलीला चाळीत राहतो. त्याला अंगण नाही. तरी मामीने गॅलरी आवरली तेव्हा कुंडीखालच्या ताटलीत आणि फ्रिजमागच्या भांड्यात पाणी निघालेच. म्हणून शहरातल्या पाहुण्यांनाही ही गोष्ट सांगा.

चौथा दिवस : माळा

हा दिवस अवघड. कारण माळ्यावर आजीच्या वस्तू असतात आणि आजी म्हणते, "ठेव, लागेल कधीतरी." अशा वेळी भांडू नये. तीन ढीग करावेत. एक आपल्याला लागणारे, एक दुसऱ्याला लागणारे, एक कोणालाच न लागणारे. कोणती वस्तू कोणत्या ढिगात जाईल हे जिची वस्तू तिनेच ठरवावे. आम्ही असे केले तेव्हा आजीने स्वतःच चार फुटक्या बादल्या तिसऱ्या ढिगात टाकल्या. तिचे जुने इरले मात्र कोणत्याच ढिगात बसेना. इरले म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे पाठीवर घ्यायचे छप्पर. पूर्वी बायका ते घेऊन भाताची लावणी करीत. आम्ही ते पुसून ओटीवर खिळ्याला लावले. आता येणारा प्रत्येक माणूस विचारतो आणि आजी त्याला सांगत बसते. पसाऱ्यात असताना ते कोणाला दिसतही नव्हते.

पाचवा दिवस : गोधड्या, कपडे आणि दप्तर

गोधड्यांना कडक ऊन दाखवावे. पावसात वाळवायला मिळत नाही आणि कुबट वास येतो. न होणारे कपडे धुऊन, बटणे लावून मगच दुसऱ्याला द्यावेत. फाटके देऊ नयेत. छत्रीच्या काड्या तपासाव्यात. जुन्या वह्यांची कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, दोऱ्याने शिवावीत. माझ्या चार वह्यांतून एक कच्ची वही झाली.

निघालेला कचरा कोठे टाकावा?

हे सर्वांत महत्त्वाचे. घर साफ करून कचरा ओढ्यात टाकला तर तो नदीत जातो, नाही तर मोरीत अडकतो आणि पाणी आपल्याच दारात परत येते. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्याचे एक कारण तुंबणारी गटारे हेच. प्लास्टिक चुलीत जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. लोखंड, पत्रा, रद्दी, बाटल्या भंगारवाल्याला द्याव्यात. आम्हाला त्यात माझ्या नव्या छत्रीपुरते पैसे मिळाले. पालापाचोळा खड्ड्यात टाकावा, त्याचे खत होते.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढले. एवढी मोठी आगगाडी पुराने अडवली, मग आपल्या घराची काय कथा? पूर आपल्याला थांबवता येत नाही. पण तो आला तर काय उचलायचे आणि ते कोठे आहे, एवढे आपल्याला आधी ठरवता येते.

निकाल घ्यायला आलेल्या पालकांना विनंती आहे की, आज घरी गेल्यावर रेशनकार्ड कोठे आहे ते आधी पाहावे. सापडायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर उद्यापासूनच पहिला दिवस धरावा.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ७