इसाराची रक्कम कुणाची?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला आजच्या गृहस्थाची कल्पना नसावी. या गृहस्थाला घर बांधावयाचे नसते. जे अजून कुणी बांधलेलेच नाही, ते विकत घ्यावयाचे असते. नकाशावरच्या दोन खोल्यांत कपाट कुठे ठेवायचे यावर घरात दोन दिवस वाद होतो. मग मुदतीची ठेव मोडली जाते, प्रसंगी बांगड्याही बँकेत जातात, आणि चेक बिल्डरच्या हाती पडतो.

या पहिल्या रकमेला आपल्याकडे जुना शब्द आहे, इसार. इसार म्हणजे दिल्या शब्दाची खूण. व्यवहार पुरा झाला, की तो किमतीत जमा होतो. घेणाऱ्याने माघार घेतली, तर तो बुडतो. इथवर सारे सरळ आहे. कोर्टाची पायरी चढावी लागते ती पुढच्या प्रश्नासाठी : बुडतो तो किती?

१९४९ साली दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला. घेणाऱ्याने आधी १,००० रुपये इसार दिला आणि पाठोपाठ २४,००० रुपये देऊन ताबा घेतला. खरेदीखत मात्र झाले नाही. तेव्हा करारातील कलमावर बोट ठेवून मालक म्हणाला, ‘पंचवीसच्या पंचवीस हजार माझे!’ जानेवारी १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हजार रुपये हा इसार; तो मालकाने ठेवावा. चोवीस हजार हा किमतीचा भाग. नुकसान दाखविल्यावाचून तो गिळता येणार नाही. घर वापरले त्याची भरपाई मात्र वेगळी.

या निकालामागे १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम आहे. कागदावर दंडाचा आकडा केवढाही लिहिलेला असो, न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. लिहिलेला आकडा ही केवळ तिची कमाल मर्यादा.

तरीही छापील करारांचा जोर ओसरलेला नाही. गुरुग्राममधील एका प्रकरणात घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज. पण बिल्डरला पैसे परत करावे लागले तर अवघे ९ टक्के! असा एकतर्फी करार घेणाऱ्यावर लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. तिथल्याच दुसऱ्या प्रकरणात बाजारभाव उतरले म्हणून घेणाऱ्यांनीच ब्लॉक नाकारला. करारात २० टक्के कापण्याचे कलम होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने १० टक्केच कापू दिले. मात्र परत मिळणाऱ्या रकमेवरचे व्याजही काढून घेतले. आपण होऊन मागे फिरणाऱ्यालाही आपल्या शब्दाची किंमत मोजावी लागतेच.

शब्द बिल्डरने मोडला, तर गोष्ट निराळी. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १८ व्या कलमानुसार ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर घेणारा व्यवहार सोडून सारी रक्कम व्याजासह परत मागू शकतो; किंवा थांबून, होणाऱ्या विलंबाचे दरमहा व्याज घेऊ शकतो. याच कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती.

म्हणून वाचकहो, कपाटाचा वाद चार दिवस लांबला तरी चालेल. त्याआधी प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. ‘बुकिंग रद्द झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारे बारीक टाइपातले कलम घरात मोठ्याने वाचावे. ताब्याची तारीख करारात स्पष्ट लिहून घ्यावी. दिलेल्या प्रत्येक रकमेच्या पावतीवर ती इसार म्हणून दिली की हप्ता म्हणून, हे नमूद करून घ्यावे. दिल्लीच्या त्या व्यवहारात चोवीस हजारांचा निकाल एवढ्याच फरकावर लागला होता.