सीटी आधी का? काकांच्या झटक्याची गोष्ट

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, साधारण तेच बोललोय.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी चहा पिताना काकांच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला वाकडं, बोलणं जड. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर म्हणाले, आधी डोक्याचा सीटी स्कॅन. आणि मी, बीटेक झालेला शहाणा, म्हणालो, "सीटी कशाला? थेट एमआरआय करा ना, पैशांचं आम्ही बघतो." महाग टेस्ट म्हणजे भारी टेस्ट, एवढंच माझ्या डोक्यात.

पण झटका दोन प्रकारचा असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे पहिला प्रश्न एकच: आत रक्त सांडलंय का? साध्या सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं आणि स्कॅन काही मिनिटांत होतो. एमआरआयला सहसा जास्त वेळ लागतो. पेसमेकर आहे का, अंगात धातू आहे का, हे आधी तपासायचं, आणि पेशंटने अजिबात हलायचं नाही. घाबरलेल्या माणसाला हे सांगून बघा!

गंमत म्हणजे सीटी बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड आपल्यासारखा इंजिनिअरच. ईएमआयमध्ये कामाला, हो, तीच गाण्यांच्या रेकॉर्डवाली. अनेक कोनांतून एक्स-रे घ्यायचे आणि कॉम्प्युटरने आतलं चित्र जुळवायचं. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, तोही डोक्याचाच. १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ॲलन कॉर्मॅकसोबत.

असो. काकांचा सीटी 'नॉर्मल' आला. काकूंनी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "काकू, याचा अर्थ रक्तस्राव नाही. झटका नाही, असं नव्हे." गुठळीने झालेली इजा पहिल्या काही तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. कोडवाल्यांनो, टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं असतं का? ती टेस्ट काय तपासत होती, ते बघायचं. काकांना इंजेक्शन दिलं. एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला, त्यात इजा स्पष्ट दिसली.

या सगळ्यात डॉक्टरांनी एक प्रश्न तीनदा विचारला: "शेवटचे ठणठणीत कधी पाहिले होते?" साडेचार तास तिथून मोजतात. कुणी झोपेतून झटका घेऊनच उठलं, तर रात्री झोपला तेव्हापासून. म्हणून वेळ मोबाइलवर टिपून ठेवा, १०८ ला फोन करा, आणि चोवीस तास सीटी चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून ठेवा.

काकूंना आठवलं, सात दहाला काकांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. डॉक्टरांनी तीच वेळ कागदावर लिहिली. काका आता कप स्वतः धरतात. हात थोडा थरथरतो अजून.