गाईड सोडा, मूळ नियम वाचा!

कायद्याच्या शिक्षणात एक जुना रोग आहे. परीक्षेपुरते गाईड वाचायचे आणि मूळ कायद्याला हात लावायचा नाही. असा विद्यार्थी पास होतो. पण न्यायालयात एखाद्या कलमाचे परंतुक समोर आले की त्याची बोबडी वळते. वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या आपल्या तरुणांनाही आज हाच रोग जडला आहे, हे आम्हाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा. बापाने कर्ज काढून क्लासची फी भरलेली. जावास्क्रिप्टमध्ये 9, 100 आणि 35 हे गुण चढत्या क्रमाने लावण्यासाठी त्याने 'सॉर्ट' वापरले. उत्तर आले 100, 35, 9! दोन दिवस व्हिडिओ पाहून थकल्यावर तो म्हणाला, "वकीलसाहेब, कॉम्प्युटरच चुकतोय." आम्हाला कोडिंग येत नाही. पण आम्ही वकिली सवयीने विचारले, "मूळ नियम कुठे लिहिलाय?"

मग 'एमडीएन वेब डॉक्स' उघडले. तिथे साफ लिहिले होते: तुलनेची रीत सांगितली नाही, तर 'सॉर्ट' आकड्यांना आधी अक्षरे मानते आणि त्यांचा क्रम लावते. म्हणून 1 ने सुरू होणारे 100 पहिले, 3 चे 35 नंतर आणि 9 शेवटी. यंत्र चुकले नव्हते. नियम वाचला गेला नव्हता. त्याच पानावर आणखी एक इशारा होता. 'सॉर्ट' मूळ यादीच बदलून टाकते. मूळ यादी शाबूत हवी असेल तर 'टूसॉर्टेड' वापरावे, जे 2023 च्या प्रमाणकात आले.

हा संदर्भग्रंथ मोझिलाने 2005 मध्ये सुरू केला. 2020 मध्ये मोझिलाने सुमारे 250 कर्मचारी कमी केले, तेव्हा त्याचे लेखकही गेले. पण काम थांबले नाही. 2021 मध्ये 'ओपन वेब डॉक्स' ही संस्था उभी राहिली आणि जगभरचे स्वयंसेवक आजही त्यात दुरुस्त्या करतात. वाचायला एक पैसा लागत नाही.

मात्र तो कादंबरीसारखा वाचायचा नाही, शब्दकोशासारखा उघडायचा. आधी वाक्यरचना पाहा. मग काय द्यायचे आणि काय परत मिळते ते पाहा. उदाहरण स्वतः टंकून बघा, आकडे बदलून मोडून बघा. शेवटी कोणत्या ब्राउझरमध्ये ते चालते, तो तक्ता तपासा. अगदी नवख्यांसाठी तिथे शिकण्याचा वेगळा विभागही आहे. 'डब्ल्यूथ्रीस्कूल्स' सोपे आहे, जरूर वापरा. पण नावावर जाऊ नका, प्रमाणके ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी'शी त्याचा संबंध नाही. आणि एआयने दिलेले उत्तरही मूळ पानावर घासून घ्या.

अडचण एकच, भाषेची. फ्रेंच, जपानी, कोरियन वाचकांना हे त्यांच्या भाषेत मिळते. मराठीत मिळत नाही. म्हणून इंग्रजीला घाबरून पळायचे काय? रोज एक पान, पाच नवे शब्द, वहीत मराठी अर्थ. वर्षभरात चित्र पालटेल.

त्या मुलाने आता वही घातली आहे. तरुणांनो, फी भरून मिळते ते दुसऱ्याने चघळलेले ज्ञान. मूळ ज्ञानाचे दार उघडे आहे आणि तिथे कुणी पहारेकरी नाही. मग आपण बाहेर का उभे आहोत?