परक्या हातांचें साहाय्य

पगारी नोकरास हुकूम देतां येतो. परंतु जो आपखुषीनें मदतीस आला, त्यास हुकूम चालत नाहीं. मग बाहेरच्या माणसांशीं व्यापारी संस्थेनें सहकार्य करावें तरी कसें? या प्रश्नाचें उत्तर संगणकाच्या मुक्त आज्ञावलींच्या इतिहासांत सांपडतें. ज्या आज्ञावलीचें मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, कोणासही वाचतां, बदलतां व वांटतां येतें, ती मुक्त आज्ञावली होय.

१९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सचें मूळ लेखन जगापुढें ठेविलें आणि पुढल्याच वर्षीं त्यास जीपीएल हा परवाना लाविला. त्याचा मथितार्थ असा : लेखन घ्या, बदला, विकाही, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्याच्या हातीं द्याल, तर तिचें मूळ लेखनही त्याच अटींवर द्या. एकाचें देणें दुसरा कोंडून ठेवील, ही भीति त्यामुळें उरली नाहीं. म्हणूनच इंटेल व एएमडी यांसारखे प्रतिस्पर्धी एकाच कामास हात लावूं शकले. येणारी दुरुस्ती जाणकारांकडून तपासली जाते, आणि स्वीकारल्यास करणाराचें नांव कायमचें नोंदलें जातें.

उलट बाजूचें उदाहरणही बोधप्रद आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें २००० सालीं ओपनऑफिसचें लेखन खुलें केलें. परंतु बाहेरच्यानें दिलेल्या लेखनाच्या स्वामित्वांत सनला वांटा द्यावा लागे, आणि कारभाराच्या किल्ल्या कंपनीच्याच कमरेला राहिल्या. २०१० च्या जानेवारींत ओरॅकलनें सन विकत घेतली. सप्टेंबरांत अनेक कार्यकर्त्यांनीं डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून त्याच लेखनावरून लिब्रेऑफिस उभें केलें. पुढल्या वर्षीं ओरॅकलनें ओपनऑफिस अपाची संस्थेच्या स्वाधीन केलें. नांव कंपनीकडे राहिलें होतें. राबणारे हात मात्र निघून गेले होते.

फुकट मिळतें म्हणून नुसतें घेत राहणेंही घातक ठरतें. ओपनएसएसएल ही आज्ञावली असंख्य संकेतस्थळांचें गुप्त दळणवळण राखीत होती. परंतु तिच्या निगराणीस पूर्ण वेळ देणारा माणूस जवळजवळ एकटाच होता. २०१४ सालीं तिच्यांत 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हां कोठें मोठ्या कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनच्या द्वारें पैसा उभा केला.

श्रोत्यांपैकीं जे कारखानदार वा व्यापारी असतील, त्यांनीं बाहेरच्यांस बोलावण्यापूर्वीं चार गोष्टी ठरवाव्या. देणाराचा हक्क आधींच लेखी असावा. त्याच्या कामाची पारख उघड व्हावी. निर्णयांत त्यास जागा असावी. आणि ज्या कामावर आपला धंदा चालतो, त्याच्या राखणीचा खर्च आपणही उचलावा. स्वेच्छेनें आलेला माणूस भांडत बसत नाहीं; तो उठून जातो, आणि मुक्त परवान्यामुळें सारें काम बरोबर नेऊं शकतो. हें भान असलेला मालकच त्यास नीट वागवितो.