दप्तरात अडकलेले पाणी

गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि तरीही चैत्र-वैशाखात पेडणे व डिचोली तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. या विरोधाभासाचा दोष आभाळाला देता येणार नाही. वर सच्छिद्र जांभा, त्याखाली पाणी अडवून धरणारी चिकणमाती आणि पठाराच्या उतारावर हे थर जेथे उघडे पडतात तेथे फुटणारा झरा, अशी आपल्या भूमीची रचना आहे. आपल्या विहिरी, देवळांच्या तळ्या आणि कुळागरे या रचनेच्याच आधाराने टिकून आहेत. सरकारी भूशास्त्रज्ञांनी व जलतज्ज्ञांनी अनेक दशके तिचा अभ्यास केला, अहवाल लिहिले, नकाशे काढले. पण ज्या गावाच्या जमिनीचा हा अभ्यास, त्या गावाच्या हाती तो सहसा पडत नाही.

हे लेखन थोडेथोडके नाही. गोव्याच्या भूरचनेवरील गेरहार्ड ओर्टेल यांचा विस्तृत पोर्तुगीज ग्रंथ १९५८ मध्ये पोर्तुगालच्या भूशास्त्र खात्याच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. मुक्तीनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हे काम पुढे नेले. १९७९ मध्ये डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या संपादनाखाली गोव्याचे गॅझेटियर निघाले. खाणपट्ट्याच्या पर्यावरणाचा सविस्तर आराखडा 'टेरी' संस्थेने १९९७ मध्ये सिद्ध केला. लोहखनिज ज्या खडकसमूहात सापडते त्याला तर भूशास्त्राने डिचोलीचेच नाव दिले आहे. जगातील अभ्यासकांना डिचोली या नावाने ठाऊक असलेला हा खडक आपल्या विहिरीच्या तळाशी काय करतो, हे मात्र डिचोलीकराने कोठे वाचावे?

हा प्रश्न केवळ विद्याव्यासंगाचा नाही. डिचोलीतील लोहखाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि खनिज काढण्यासाठी खंदकांतील पाणी अहोरात्र उपसावे लागले. लइराई देवीच्या शिरगावात विहिरी, झरे आणि शेती यांवर झालेल्या परिणामाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. 'नीरी' या नागपूरच्या संस्थेने तेथील पाण्याची पाहणी केली. अशा वादात निर्णायक प्रश्न एकच असतो: खाण येण्यापूर्वी येथे पाणी किती होते? वृद्धांच्या आठवणींना गावात मान असतो, पण न्यायासनापुढे मोजमाप लागते. ते जुन्या अहवालांत आणि नकाशांत आहे. जो पक्ष ते कागद मिळवू शकतो त्याचे म्हणणे शास्त्रीय ठरते आणि ज्याला ते मिळत नाहीत त्याची तक्रार भावनिक ठरवली जाते.

आज या गोष्टीची निकड अधिक आहे. २०१२ मध्ये थांबलेल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडलेल्या खाणींचे नवे पर्व आता सुरू झाले आहे. २०२२ च्या डिसेंबरात डिचोली-मुळगाव व शिरगाव-मये हे गट लिलावाने दिले गेले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या गटात उत्खननही सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या जांभ्या पठारावर विमानतळ उभा राहिला. त्याची पर्यावरण परवानगी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी रोखून धरली होती, ती अर्जातील माहिती अपुरी असल्याच्या कारणाने. पुढे स्थगिती उठली व डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. तथापि भूमीविषयीची माहिती पुरेशी व उघड असली पाहिजे, हा त्या प्रकरणाचा धडा कायम आहे. तिळारीचे धरण तर सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि त्याच्या कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली, बार्देशात. तेव्हा पेडणेकराला दोन राज्यांची दप्तरे चाळावी लागणार, हे उघड आहे.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अनेक नकाशे आणि केंद्रीय भूजल मंडळाचे काही अहवाल आज संगणकावर पाहता येतात. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे व दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणण्याचे स्तुत्य काम केले आहे. आता या कामाचा रोख गोवा सरकारच्या खाण व जलसंपदा खात्यांच्या प्रकाशनांकडे वळावयास हवा.

मात्र हे काम नुसते पाने छापून घेण्याचे नव्हे. अशा अहवालांचा प्राण असलेला मोठा नकाशा बहुधा पुस्तकाच्या शेवटच्या खिशात घडी घालून ठेवलेला असतो. स्कॅन करताना तोच वगळला जातो, किंवा घडीसकट अर्धामुर्धा टिपला जातो. नकाशा पूर्ण उलगडून, रंग व प्रमाणपट्टीसह घेतला पाहिजे आणि आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवला पाहिजे. सूचीही गाववार हवी. पेडण्याला 'पेर्नेम', डिचोलीला 'बिचोलिम' आणि साखळीला 'सांकेलिम' लिहिण्याची कागदोपत्री रीत असल्याने मराठी नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक गाव त्याच्या सर्व नावांनी सापडले पाहिजे.

आक्षेप येतील. सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाईल. किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्यातील सर्वेक्षण नकाशे एके काळी निर्बंधित होते आणि त्या पट्ट्यात सारा गोवाच येत होता, हे खरे. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच नकाशांविषयीचे धोरण मोकळे केले. स्वामित्वहक्काचा मुद्दाही टिकणारा नाही. सरकारी प्रकाशनावरील तो हक्क साठ वर्षांनी संपतो आणि त्याआधी तो सरकारच्याच हाती असतो. उलट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणण्याचे कर्तव्य सरकारी कार्यालयांवर टाकते. यास मोडता घालण्याचा अधिकार वाळवीला आणि पावसाळी दमटपणालाच आहे, आणि ती दोघे तो निष्ठेने बजावीत असतात.

सरकारने मध्यवर्ती ग्रंथालय, पुराभिलेख खाते आणि गोवा विद्यापीठ यांना एकत्र आणून या कामास ठराविक मुदत घालून द्यावी, आणि आरंभ पेडणे व डिचोलीपासून करावा, असे आम्हांस वाटते. तालुका ग्रंथालयात बसून आपल्या गावचा भूजल नकाशा मोफत पाहता येईल, इतकी सोय झाली तरी ग्रामसभेतील चर्चेचे स्वरूप पालटेल. जनतेच्या पैशाने जनतेच्या भूमीचे मोजमाप झाले आहे. ते तिच्या स्वाधीन करण्यात उपकार कसला? पुढच्या खंदकातला पंप सुरू होण्याआधी हे घडावे, एवढीच मागणी आहे.